यंदा फक्त बारा कार्डं

वर्ष संपत आलं की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी रंग कुठला घ्यावा, कागद कुठला, प्रदर्शनासाठी चित्रं कशी निवडावीत असलं विचारणारी मंडळी अचानक विचारायला लागतात की सुट्ट्या थोडक्यात साजऱ्या केल्या तर चालतील का, आभार मानायचेत पण सुचत नाहीये, आणि एकीने तर एवढंच लिहिलं होतं की ताई, खूप थकलेय. यावेळी त्यातलीच सात पत्रं घेतलीयेत. काहींना भरपूर लिहिलंय, काहींना चारच ओळी, कारण ज्या प्रश्नातून मी स्वतः गेलेय तिथे हात थांबत नाही.

प्रश्न : ताई, मी इलस्ट्रेशन करते. गेली नऊ वर्षं दर वर्षअखेरीला क्लायंट्सना, जुन्या विद्यार्थ्यांना, मित्रमंडळींना हाताने रंगवलेलं कार्ड पाठवते. पंधरापासून सुरुवात केली होती, आता यादी शंभरावर गेलीये. आठवडाभर जागरणं होतात आणि शेवटची तीस-चाळीस तर मी अक्षरशः चिडचिड करत रंगवते. कमी करावीत असं वाटतं, पण ज्यांना मिळणार नाहीत त्यांना वाईट वाटेल ना?

चिडचिड करत रंगवलेली कार्डं, हे वाचून मी तिथेच थांबले, कारण तशी मी पण रंगवलीयेत. माझी यादी ऐंशीच्या आसपास होती आणि ती कधी वाढली ते मला कळलंच नाही, कारण यादीत नाव घालायला काही लागत नाही पण काढायला धीर लागतो.

मग एका वर्षी ऐन त्या दिवसांत माझं उजवं मनगट सुजलं. डॉक्टरांनी तीन आठवडे पट्टा बांधून ठेवायला सांगितलं, ब्रश धरायचाच नाही. लिनोचा ठसा, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरतात तो, तेवढा आधी कोरून झालेला होता, एक वाकडं झाड आणि त्याखाली रिकामी खुर्ची, छापायचं बाकी होतं. छपाईचं प्रेस माझ्याकडे नाही. मग ठशाला शाई लावायची, वर पातळ कागद ठेवायचा आणि डाव्या हाताने लाकडी चमच्याच्या पाठीने घासत बसायचं. पातळ कागद असला की घासताना मागच्या बाजूने शाईने धरलेला भाग जरासा गडद दिसायला लागतो, आधी खोड, मग एकेक फांदी, मग खुर्चीचे पाय, आणि कुठे राहिलं असेल तर तेही दिसतं, की परत तिथे चमचा न्यायचा. एका प्रिंटला पाव तास लागायचा. रोज दोन, फार तर तीन. बारा झाल्यावर डावा खांदाही बोलायला लागला आणि मी थांबले.

पण त्या पाव तासात एक गोष्ट झाली. दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून ज्याच्यासाठी छापतेय त्याचाच विचार मनात यायचा. आणि मग लक्षात आलं की ऐंशीच्या यादीतल्या कितीतरी नावांजवळ मला काही आठवतच नाहीये. उलट जे यादीत कधीच नव्हते ते आठवायला लागले. माझा फ्रेमवाला, ज्याने प्रदर्शनाच्या आदल्या रात्री बंद केलेली फ्रेम पुन्हा उघडली होती कारण काचेच्या आत ब्रशचा एक केस अडकलेला मला दिसला, आणि तो एका शब्दाने काही बोलला नाही, पिना काढल्या, केस उचलला, परत ठोकलं. जिन्यात भेटणाऱ्या एक काकू, ज्या दर वेळी विचारतात की निळं चित्र झालं का. पहिलं कार्ड फ्रेमवाल्याला गेलं.

ज्यांना मिळालं नाही त्यातल्या तिघांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, की हात दुखत होता आणि थोडीच करता आली. कोणीही तोडून बोललं नाही. हात बरा झाला तरी आकडा मी बाराच ठेवलाय.

तुमच्यासाठी अजून एक सांगते, त्याने मला सोपं झालं होतं. छापील नाताळ कार्ड सुरू झालं तेच मुळी वेळ वाचवायला. 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाचे गृहस्थ होते, प्रचंड कामात असायचे, आणि उत्तर द्यायची पत्रं साचली होती. त्यांनी जॉन हॉर्सली या आपल्या चित्रकार मित्राकडून एक चित्र काढून घेतलं, त्याच्या साधारण हजार प्रती छापून हाताने रंगवून घेतल्या आणि नाव लिहायला जागा रिकामी सोडली. म्हणजे एकाच चित्रात सगळ्यांना शुभेच्छा. त्यात कमीपणा काहीच नाही, सगळ्यांना आठवणीत असल्याचं कळवणं हेही काम आहेच. पण शंभर जणांना कळवणं हे एक काम आणि एखाद्याचे मनापासून आभार मानणं हे दुसरं काम, आणि तुम्ही एका ब्रशने दोन्ही करायला जाताय म्हणून दमताय. एक छान चित्र काढा, स्कॅन करा, सगळ्यांना फोनवर पाठवून द्या. आणि ज्यांच्याबद्दल तुम्हाला खरंच एखादी ठोस गोष्ट आठवते तेवढ्यांनाच हाताने करा. ते सात निघाले तर सात.

प्रश्न : मी पेंटिंग करतो पण लिहायचं म्हटलं की हात आखडतो. ज्यांनी मदत केली त्यांना "मनःपूर्वक आभार" यापलीकडे काही सुचत नाही आणि ते वाचायला सरकारी वाटतं. काय लिहू?

तुम्ही खुर्ची काढता तेव्हा "खुर्ची" काढत नाही, समोरची ती एक खुर्ची काढता, जिचा मागचा पाय थोडा आखूड आहे आणि हाताची जागा घासून गुळगुळीत झालीये. आभारही तसेच लिहा. "तुझ्या सपोर्टबद्दल थँक्स" ही नुसती खुर्ची झाली. "प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं तेव्हा तू आलास आणि तासभर बसून राहिलास, फारसं बोललो पण नाही आपण" ही ती खुर्ची. एवढी एक ओळ पुरते, तिच्या पुढे "आभार" शब्द लिहिला नाही तरी चालतो.

आणि संकोचाचं म्हणाल तर त्यावर अभ्यास झालेला आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोघांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली आणि मग ज्यांना ती मिळाली त्यांनाही विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटत होतं समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, प्रत्यक्षात तेवढं झालंच नाही, आणि आनंद मात्र लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त झाला. लिहिणारा शब्द बरोबर जमलेत का याचीच काळजी करत बसतो आणि वाचणारा बघतो ती माया. तेव्हा अक्षर वाईट आहे, वाक्य तुटलंय, राहू द्या तसंच. फक्त साध्या डाय शाईच्या पेनाने लिहू नका, उजेडात ती विटते. पिगमेंट शाईचं, म्हणजे बारीक रंगकणांच्या शाईचं, पेन घ्या.

प्रश्न : ताई, मी 26 वर्षांचा आहे, फाइन आर्ट करून बाहेर पडलो. ह्या वर्षी एकही चित्र विकलं गेलं नाही, तीन ठिकाणांहून नकार आला. घरी-बाहेर सगळे म्हणतात जे आहे त्याबद्दल कृतज्ञ राहा. मला ते ऐकून राग येतो. माझंच चुकतंय का?

नाही रे, तुझं काही चुकत नाहीये. राग येणारच. ज्याने वर्षभर मान मोडून काम केलं आणि हाती काही आलं नाही त्याला "कृतज्ञ राहा" सांगणं म्हणजे त्याने दुःख झाकून ठेवावं असं सांगणं. नकाराबद्दल कृतज्ञ व्हायची काहीएक गरज नाही. नकार वाईटच असतो, मला आजही वाईटच वाटतो.

माझ्या मते आभार वर्षाचे मानायचे नसतातच, ते माणसाचे मानायचे असतात. वर्ष खराब गेलं हे खरं, आणि त्याच खराब वर्षात कोणीतरी तुला रंगाच्या अर्ध्या ट्यूब दिल्या असतील किंवा तुझं चित्र बघून "हा कोपरा जमलाय" म्हणालं असेल, हेही खरं. दुसऱ्यामुळे पहिलं खोटं ठरत नाही.

फेब्रुवारी 1890 मध्ये चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग फ्रान्समधल्या सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात होता. धाकट्या भावाला, थिओला, मुलगा झाल्याचं पत्र आलं, आणि बाळाचं नाव काकाच्या नावावरून व्हिन्सेंट विलेम ठेवलेलं. ह्याच भावाने जवळपास दहा वर्षं ह्याचा खर्च चालवला होता. व्हिन्सेंटने त्या बाळासाठी चित्र काढलं, निळ्या आकाशावर फुललेल्या बदामाच्या फांद्या. ते विकायचं नव्हतंच, सुरुवातीपासून त्याचा मालक ठरलेला होता. तो बाळ पुढे मोठा झाला, आणि 1973 मध्ये अॅमस्टरडॅमला जे व्हॅन गॉग म्युझियम उघडलं ते त्याच्याच प्रयत्नांतून उभं राहिलेलं. आता यातून सोसलं की मोठा कलाकार होतो असला अर्थ काढू नकोस, तो विचार मला मनापासून नको वाटतो, आजारपणाने त्याचं कामही पुढे पुढे अडतच होतं. मी सांगतेय ते फक्त चित्र काढताना हाताचं काय होतं त्याबद्दल. कोणाला द्यायचंय हे ठरवून काढलेल्या चित्रात हात वेगळा चालतो, विकलं जाईल का, निवडलं जाईल का हा आवाज बंद होतो. तुला या सुट्ट्यांत काही करावंसं वाटलं तर तळहाताएवढा कागद घे, आधी मागे त्या माणसाचं नाव लिही, मग पुढे काढ. त्याचा फोटो कुठेही टाकू नकोस, देऊन टाक. नाही करावंसं वाटलं तर झोप काढ, तेही चालेल. आणि झोपच लागत नसेल, जेवण जात नसेल, तर मात्र वाट न बघता डॉक्टरांशी बोल, ते काम पत्रातून माझ्याने व्हायचं नाही.

प्रश्न : लिनोवर कार्डं छापून बघितली. अक्षरं उलटी आली, तीन दिवस झाले तरी शाई ओली आहे, आणि घडी घातली की कागद घडीवर फुटतो. सगळंच चुकलं. कुठे दुरुस्ती करू?

सगळं नाही, तीनच गोष्टी चुकल्यात आणि तिन्ही सुधारण्यासारख्या आहेत. ठशावर जे असतं ते आरशातल्यासारखं उलटं उमटतं, म्हणून आधी ट्रेसिंग पेपरवर सरळ लिहायचं, मग कागद पालथा करून लिनोवर उतरवायचं.

शाई बहुतेक तेलाची आणि थर जाड झालाय. पुढच्या वेळी काचेवर रोलर फिरवताना कान द्या, शाई जास्त असली की चिकट, फाटल्यासारखा आवाज येतो, बरोबर असली की बारीक सळसळ होते. आणि गुळगुळीत चकचकीत कागद तेलाची शाई पटकन शोषत नाही. छापलेली कार्डं एकावर एक ठेवू नका, दोरीला लावा. घाई असेल तर पाण्याच्या शाईने छापा, लवकर वाळते, फक्त ठशावरही लवकर वाळते म्हणून हात भरभर चालवायला लागतो.

घडीचं म्हणाल तर कागदाला दिशा असते, त्यातले तंतू बहुतेक एकाच बाजूने पडलेले असतात. कागद न दुमडता नुसता दोन्ही बाजूंनी वाकवून बघा, सहज वाकतो तेव्हा वळणाची जी रेषा दिसते ती तंतूंची दिशा, घडी तिच्याच रेषेत घालायची. आडवी घातली की तंतू मोडतात आणि जाड कागद फुटतो. घडीच्या आधी पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने एक रेघ दाबून घ्या. आणि कोरताना दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे, कधीच पुढे नाही. थंडीत लिनो कडक होतो, थोडा ऊब देऊन मऊ करा, जोर लावायला गेलं की पातं सटकतं.

दहा-पंधराच प्रती निघाल्या म्हणून खट्टू होऊ नका. जपानमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कवींची मंडळं नव्या वर्षाला वाटायला सुरिमोनो नावाचे लाकडी ठशाचे छाप करवून घ्यायची, थोड्याच प्रती, उत्तम कागद, विकायला नाहीतच, फक्त आपसात द्यायला. आज ते बघताना छपाईतली बारीक मेहनत बघून थक्क व्हायला होतं.

प्रश्न : मला यंदा सगळं साधेपणाने करायचंय, कमी वस्तू, कमी सजावट, गिफ्ट्स हाताने केलेल्या. नवरा म्हणतो तू सणाची मजा घालवतेस आणि मुलं रुसलीयेत. मी चूक आहे का?

विचार तुमचा चांगला आहे, पण तो तुम्ही एकटीने ठरवलाय असं पत्रावरून वाटतं. आपण एकटीने ठरवलेला साधेपणा हा बाकीच्यांसाठी काढून घेतल्यासारखाच असतो, मुलांना तर जास्त. आधी सगळ्यांना बसवा आणि प्रत्येकाला एकच विचारा, कुठली एक गोष्ट गेली तर तुला सुट्टी सुट्टी वाटणार नाही? मी घरी हे विचारलं होतं. मला वाटलं होतं गिफ्ट्स म्हणतील. माझा भाचा म्हणाला, रात्री सगळे दिवे बंद करून फक्त एक माळ लावून आपण जमिनीवर आडवे होतो ना, ते. त्याला काहीच लागत नाही. ते ठेवलं, आणि ज्याचं नाव कोणीच घेतलं नाही ते आपोआप गळालं, भांडण न होता.

हाताने केलेल्या वस्तूंबद्दल बोलायचं तर मोठ्यांनी करून मुलांना देण्यापेक्षा मुलांच्या समोर करा. पॉल क्ले हा एवढा मोठा चित्रकार, त्याने 1916 पासून 1925 पर्यंत आपल्या मुलासाठी, फेलिक्ससाठी, हातात घालून खेळवायच्या पन्नासेक बाहुल्या केल्या. काड्यापेट्या, हाडाचा तुकडा, विजेचं जुनं सॉकेट, कापडाच्या चिंध्या, घरात हाताला जे लागेल ते. त्यातल्या तीस आजही आहेत. त्यांचे फोटो मुलांना दाखवा, मी दरवेळी बघते तेव्हा मला त्यांच्या डोळ्यांचंच कौतुक वाटतं, दोन ठिपके आणि माणूस तयार. मग एक खोका भरून भंगार मुलांच्या पुढ्यात ओता आणि तुम्ही पण त्यांच्याबरोबर जमिनीवर बसा. नवऱ्याला पण बसवा, त्याला काय हवंय ते मजा करतानाच कळेल.

प्रश्न : दर वर्षी सुट्ट्यांत नातेवाईक म्हणतात, तू तर आर्टिस्ट आहेस, एक चित्र देऊन टाक की. नाही म्हटलं तर गर्विष्ठ ठरते.

मागितलेलं चित्र हे काम असतं आणि कामाचे पैसे असतात, हे हसून पण स्पष्ट सांगा. आपणहून दिलेलं चित्र ही भेट, ती कोणाला द्यायची हे फक्त तुम्ही ठरवायचं. एकदा सांगितलंत की दुसऱ्या वर्षी विचारणारे निम्मे होतात, हे मी अनुभवाने सांगतेय.

प्रश्न : मी निवृत्त चित्रकला शिक्षक आहे, वय 74. तुमचं आभारांबद्दलचं लिखाण मी नेहमी वाचतो. अडचण अशी की ज्यांचे आभार मानायचे ते माझे सर, माझी मोठी बहीण, माझा वर्गमित्र, कोणीच आता नाही. सरांनी मी आठवीत असताना स्वतःच्या खिशातला चारकोलचा, चित्राच्या कोळशाचा, तुकडा माझ्या हातात ठेवला होता, बाकी वर्ग पेन्सिलने काढत होता. हे मी त्यांना कधी बोललो नाही. आता कुठे पाठवणार?

सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि उत्तर लगेच लिहू शकले नाही.

माझ्या बारा कार्डांतलं बारावं मी कोणालाच पाठवत नाही. ज्या बाईंनी मला पहिल्यांदा कागद तिरका धरून बघायला शिकवलं, उजेडात त्याचा खरखरीतपणा कसा दिसतो ते दाखवलं, त्या मी त्यांचे आभार मानायच्या आधीच गेल्या. त्यांच्यासाठी एक छापते, पेन्सिलने खाली 12/12, म्हणजे बारांपैकी बारावी प्रत, असं लिहिते, मागच्या बाजूला त्या वर्षी काय जमलं आणि काय नाही जमलं ते चार ओळींत लिहिते आणि ड्रॉवरमध्ये ठेवते. आता सात झालीत. कधी वाईट दिवस असला की काढून बघते. त्यांना पोचतं का, मला माहीत नाही, पण त्यांच्याशी बोलणं चालू राहिलंय.

तुम्ही लिहून बघा. चारकोलनेच लिहा, अक्षर पुसट होईल म्हणून वरून फिक्सेटिव्हचा, म्हणजे कोळसा कागदावर धरून ठेवणाऱ्या द्रवाचा, हलका फवारा मारा, नाही मारलात तरी चालेल. आणि सरांच्या घरचं कोणी, मुलगा, सून, नातवंडं, जवळपास असतील तर त्यांना एकदा शोधा. त्यांच्या माणसाच्या खिशात चारकोल असायचा आणि तो त्यांनी एका आठवीतल्या मुलाला दिला, हे त्यांना कदाचित कोणी सांगितलंच नसेल.